इआकोपोचे दहा कॉम्प्युटर

सामोआतल्या सालेलोलोगाच्या बाजारात इआकोपोचं कॉम्प्युटरचं दुकान होतं, पण त्याच्याकडून कॉम्प्युटर कुणी घेत नसे. लोक त्याच्याकडे फोनच्या काचा बसवून घेत आणि कॉम्प्युटर आणायला बोटीत बसून राजधानीला, आपियाला जात. तिथे चौदाशे तालाला मिळणारा इथे आठशेला होता. इआकोपो त्यात लिनक्स घालून द्यायचा, आणि ही सिस्टिम फुकट असते, हे गिऱ्हाइकाला वर कौतुकानं सांगायचा. सांगितलं की गिऱ्हाईक एक पाऊल मागे सरकायचं. फुकट म्हणजे कुणीतरी टाकून दिलेलं, हे या बेटावर शेंबडं पोरही सांगेल. वीस वर्षं ऑकलंडला राहून आलेल्या शहाण्याला तेवढंही कळू नये, याला काय म्हणावं!

थोरला भाऊ लाफाएले याला मताई, म्हणजे घराण्याच्या प्रमुखाची, पदवी मिळायची होती. त्या दिवशी घरचा प्रत्येकजण गावासाठी काहीतरी आणतो, आणि गावचा वक्ता मैदानात उभा राहून देणाऱ्याचं नाव खड्या आवाजात पुकारतो. परदेशातून हात हलवत आला, हे टोमणे इआकोपोनं आठ वर्षं गिळले होते. एकदा आपलं नाव त्या मैदानात पुकारलं जावं, एवढीच त्याची हाव. त्यानं शाळेसाठी दहा नवे कॉम्प्युटर काढले आणि तीन महिने खपून त्यातलं अक्षर न् अक्षर सामोअन भाषेत केलं.

"इआकोपोकडून दहा कॉम्प्युटर! नवे कोरे!" म्हाताऱ्या वक्त्यानं पुकारलं. मैदान गर्जलं. इआकोपोची बायको फुआतिनो मधे जाऊन नाचायला लागली.

शाळा समितीच्या एलेनोआबाईंनी त्यातला एक सुरू करून बघितला.

"अगं बाई, हे कसलं? नेहमीचं चित्र कुठाय?"

"त्याच्याहून चांगलं आहे, बाई," इआकोपो म्हणाला. "आणि सिस्टिमला एक छदामही पडत नाही."

झालं.

"म्हणजे फुकटातलं!" पाहुण्यांतून कुणीतरी ओरडलं. "भावाला पदवी आणि गावाला उकिरडा!"

"अहो, समुद्रातले मासेही फुकटच असतात," दुसरा म्हणाला. "पण आम्ही त्यांचे डबे विकत आणलेत!"

लोक पोट धरून हसले. वक्ता लाफाएलेकडे बघायला लागला. पुकारलेलं नाव कायम ठेवायचं की मागे घ्यायचं, हे आता नव्या मताईच्या हातात होतं. इआकोपोही त्याच्याकडेच बघत होता.

"ते देणगीतलं नाही," लाफाएले म्हणाला. "धाकट्याच्या दुकानातलं सामान आहे. जागा नव्हती म्हणून इथे ठेवलंय."

वक्त्यानं नाव मागे घेतलं आणि माशांच्या डब्यांची पुढची खोकी पुकारली. फुआतिनो मैदानाच्या मधोमध तशीच उभी राहिली होती, तिला कुणीतरी दंडाला धरून खाली बसवलं.

सोमवारी लाफाएले दुकानात आला.

"राग मानू नकोस. चारचौघांत मी माझं नाक कापून घेऊ का?" त्यानं खिशातून एक डिस्क काढली. आपियात फुटपाथवर पाच तालाला मिळते ती, विकतच्या सिस्टिमची चोरलेली नक्कल. "ही घाल सगळ्यांत."

"दादा, ही चोरीची आहे."

"दिसते ना महागाची? मग! तू घाल, रविवारी परत पुकारायला लावतो."

परत पुकारणार, एवढं ऐकल्यावर इआकोपोनं डिस्क हातात घेतली. दोन दिवस बसून त्यानं तीन महिन्यांचं काम स्वतःच्या हातानं पुसलं. लाज वाटत होती, तरी हात थांबला नाही.

रविवारी चर्च सुटल्यावर एलेनोआबाईंनी दहाही कॉम्प्युटर सुरू केले. ओळखीचं चित्र दिसलं तशी त्यांनी समाधानानं मान डोलावली.

"नव्या मताईंकडून, लाफाएलेंकडून, दहा कॉम्प्युटर!" वक्ता गरजला. "अस्सल! आपियाहून आणलेले!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. पुढे आपलं नाव येईल म्हणून इआकोपो कान देऊन उभा होता. वक्ता खाली बसला.

"वाजवा की," शेजारून फुआतिनो पुटपुटली. ती स्वतः जोरजोरात वाजवत होती. "लोक बघतायत."

त्यानं वाजवल्या.