रांगेतली सुहासची जागा

माझा नवरा प्राणी मारायचा.

हौसेने मारायचा. रीतसर कोर्स करून, डच भाषेत परीक्षा देऊन, लायसन्स काढून. हे वाचून ज्यांना मला अनफ्रेंड करायचंय त्यांनी खुशाल करा. आज मी भांडायच्याच मूडमध्ये आहे.

सुहासला जाऊन आज वर्ष झालं. कोविड.

नेदरलँड्समधल्या वाखनिंगन गावाबाहेर, नदीकाठच्या एका कुरणाशेजारी गाडीत बसून हे टाइप करतेय. सकाळचे सव्वासहा वाजलेत. इरा, आमची दहा वर्षांची लेक, त्याच्या शिकारी मित्रांबरोबर कुरणात गेलीये.

"आई, यू कम टू, प्लीज."

"नको. मी गाडीतच थांबते."

थांबवत कुठे आहे! दोनदा उतरले, दोनदा परत येऊन बसले.

नऊ वाजता शेतकरी इथे गवत कापायचं मशीन घालणार आहे. या दिवसांत हरणांची पिल्लं गवतात दडून बसलेली असतात आणि मशीन अंगावर आलं तरी पळत नाहीत.

म्हणून ही मंडळी आधी रांग धरून अख्खं कुरण चालून काढतात. पिल्लू दिसलं की हातात गवत घेऊन उचलायचं, माणसाचा वास लागू द्यायचा नाही. खोक्यात ठेवायचं, कापणी झाली की सोडून द्यायचं.

सुहास दर मे महिन्यात यायचा.

"मेमध्ये वाचवायचं आणि हिवाळ्यात गोळी घालायची, हा कुठला न्याय रे?"

"दोन्ही माझंच काम आहे," म्हणायचा. बास. पुढे वादच घालायचा नाही. माझं डोकं फिरायचं.

माझं माहेर माळकरी. घरी काय सांगणार? सांगितलं, जावई शनिवारी पक्षी बघायला जातात.

बाबांना इतकं कौतुक वाटलं की त्यांनी पुण्याहून दुर्बीण पाठवली. सुहासने ती शेवटपर्यंत वापरली. कशासाठी, ते बाबांना आज या पोस्टमधून कळतंय.

बाबा, रागवा. पण फोन उद्या करा.

सुहास आजऱ्याकडचा. त्याच्या आजोबांकडे बंदूक होती, ते वेड याच्या रक्तातच होतं. पण शनिवारी साडेदहाला घरी म्हणजे साडेदहाला. बूट बाहेर, मांस मागच्या शेडमधल्या फ्रीजमध्ये, शिजवणंही तिकडेच. माझ्या किचनमध्ये त्याने मला न विचारता कधी अंडंही फोडलं नाही.

आंघोळ करून इराला पोहायला न्यायचा. इथे पोरांना कपडे-बूट घालून पोहायची परीक्षा असते. ती पास झाली तेव्हा बाकीचे बाप व्हिडिओ काढत होते आणि आमचे हे काठावर उभं राहून हुंदके देत होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

मी त्याच्याबरोबर शिकारीला एकदाच गेले. इरा व्हायच्या आधी.

हरीण पडलं. सुहासने टोपी काढली, ओकची छोटी डहाळी तोडली आणि त्या हरणाच्या तोंडात ठेवली. सगळे मान खाली घालून उभे होते. ही इथल्या शिकाऱ्यांची रीत. 'लाट्स्त बेट' म्हणतात. शेवटचा घास.

मी सगळ्यांसमोर म्हणाले, "आधी जीव घ्यायचा आणि मग तोंडात घास घालायचा? नाटकं नुसती!"

म्हणाले मराठीत, पण सूर कुणालाही कळला असता.

त्याने टोपी परत घातली नाही, गाडीपर्यंत हातातच धरून आला. त्यानंतर मला कधी "चल" म्हणाला नाही. आणि मी कधी सॉरी म्हणाले नाही. म्हणू, म्हणू करत राहून गेलं.

मग मागच्या वर्षी अठरा दिवस आयसीयू.

शेवटच्या दिवशी मला एकटीला आत सोडलं. गाऊन, ग्लव्ज, दोन मास्क. आईने फोनवर सांगितलं होतं म्हणून खिडकीतल्या कुंडीतलं तुळशीचं पान डबीत घालून नेलं होतं.

"हे काय आहे?" नर्सने विचारलं. सुहासच्या तोंडात नळी होती.

माझं डच भाजी आणण्यापुरतं. तुळस, गंगा, हे सगळं तिला इंग्रजीत तरी कसं सांगू? आणि तोंडातून एकदम निघालं,

"लाट्स्त बेट."

ती थांबली. तिचे वडील शिकारी आहेत, हे मला नंतर कळलं. तिने ते पान घेतलं, ओलं केलं आणि नळीच्या बाजूला, त्याच्या ओठाच्या कोपऱ्यात अलगद ठेवलं. मग मान खाली घालून माझ्याशेजारी उभी राहिली.

ज्याला मी नाटक म्हटलं होतं, तेच मी हात जोडून मागितलं. मला माझीच लाज वाटली.

तेव्हा सॉरी म्हणाले. दोन मास्कांच्या आतून, मशीनच्या आवाजात. त्याने ऐकलं का, माहीत नाही. वर्षभर हेच मला कुठे स्वस्थ बसू देत नाहीये. घरात नाही, ऑफिसात नाही, इथे गाडीत तर नाहीच.

हे लिहीत होते तेवढ्यात त्या मित्रांपैकी यान नावाच्या एकाने काचेवर टकटक केलं. सत्तरीचा आहे, सुहासला शिकार शिकवली ती यानेच.

"माझ्यात आणि इरामध्ये फार अंतर पडतंय," म्हणाला. "तिथे सुहास चालायचा. पिल्लू सुटेल आमच्या नजरेतून."

"मला यातलं काही कळत नाही."

"चालता येतं ना?"

डच माणसं. गोड बोलणं यांना शिवलेलंच नाही.

सुहासचे गमबूट वर्षभर डिकीतच पडून आहेत. मला दोन नंबर मोठे होतात. मोज्यांच्या दोन जोड्या चढवल्या आणि घातलेत.

श्रद्धांजलीचे चांगले शब्द ज्यांना येतात त्यांनी ते खाली लिहा. मला जमत नाहीये आणि वेळही नाही, कुरण मोठं आहे.

सुहास, तू नाही बोलावलंस तरी मी यायला हवं होतं रे.

आज येतेय.