मालनताईंच्या गिरणीचं गुडविल

पार्ल्यात गोड बोलणाऱ्या दुकानदारांची वाण नाही. मालनताईंच्या पिठाच्या गिरणीत मात्र ती सोय नाही. डबा पुढे केला की त्या आधी चार दाणे दाताखाली घेतात, मग गिऱ्हाइकाला. "ओले हायेत. दगडाला चिकटतील. जा, ऊन दाखवून आणा." भाजणी नेली तर, "कच्ची हाय. गॅस वाचवला का?" वसुधाताई इतकी वर्षं शाळेत मुख्याध्यापिका होत्या, त्याही माझ्यादेखत डबा घेऊन परत गेल्यात. वर "सॉरी" म्हणून!

एके दिवशी हर्षद गिरणी विकत घ्यायचा कागद घेऊन आला. साकीनाक्याला त्याचा पिठाची पाकिटं भरायचा कारखाना आहे.

"मावशी, मशीन तुमची जुनी. मला फक्त तुमचं गुडविल पाहिजे."

"ते काय असतं?"

"म्हणजे नाव. पाटी हीच ठेवणार, लोक सवयीने येणार. तुम्ही फक्त पार्ल्यात परत गिरणी टाकायची नाही."

"म्हणजे नाव माझं, अन् मीच नको?"

"बघा बुवा. नाही म्हणालात तर समोरच्या गाळ्यात एसी गिरणी टाकतो. मग आहे तेही जाईल."

मी बाकावर दळणाची वाट बघत होतो. बाईंनी सही करून सुटावं, असं मला मनापासून वाटलं. मालनताईंनी पदर खोचला.

"उद्या सकाळी माझ्या जागी बस. गिऱ्हाईक टिकलं तर सही करते. न्हाई टिकलं तर समोर गिरणी टाक न्हाईतर विमानतळ टाक, मी हलत न्हाई!"

सकाळी हर्षद स्टुलावर आणि मालनताई माझ्या शेजारी बाकावर, तोंड मिटून. ते मिटतं, हे आम्हाला तेव्हाच कळलं.

वसुधाताई आल्या. "या ना आंटी, लगेच देतो," म्हणत हर्षद गहू ओतायला निघाला.

"थांबा! तुम्ही बघितले नाहीत?"

"तुमचे म्हणजे चांगलेच असणार."

"तुम्हाला काय माहीत? परवा धुतलेत. वाळलेत की नाही, मलाच शंका आहे!" त्यांनी डबा छातीशी धरला. "आणि माझ्या आधी कुणाचं काय दळलंत? तेही बघितलं नसेल!"

झालं. मागचे डबे पटापट काखेत चढले. एकीने मालनताईंना हळूच विचारलं, "बऱ्या आहात ना हो?"

हर्षद हुशार. म्हणाला, "मावशी, तुम्ही इथंच बसा. पगार देतो. काम एकच, ओरडायचं."

"अन् उद्या तूच म्हणशील, ओले असले तरी घ्या, गिऱ्हाईक जायला नको. मग मी कुणावर ओरडू? ऊठ माझ्या जागेवरनं!"

तो उठला. मालनताईंनी वसुधाताईंच्या डब्यातले दाणे चावले.

"ओले हायेत."

"बघा!" वसुधाताईंनी हर्षदला विजयाने सुनावलं आणि डबा घेऊन तडक घरी निघाल्या.

समोरच्या गाळ्यात आता एसी बसलाय. उद्घाटन रविवारी. मालनताईंची गिरणी एरवी रविवारी बंद असते. या रविवारी नसेल.