तात्पुरती वायर

"तेवढं बायपास करून द्या ना, मिस्त्री." हे वाक्य मी तीस वर्षं ऐकतोय आणि तीस वर्षं माझं डोकं फिरतंय. कारखान्यांतली पॅनेलं, मोटरी, कंट्रोल कार्डं दुरुस्त करणं हा माझा धंदा. राहतो म्हसळ्यात, पालीपासून हरिहरेश्वरपर्यंत कुठूनही फोन येतो. सगळ्यांना एकच घाई, मशीन चालू झालं पाहिजे. ते बंद का पडलं, हे विचारायला कुणाला फुरसत नसते.

पुष्कळदा ते बंद पडतं माणसाला वाचवायला. झाकण उघडं असेल, हात आत जाऊ शकत असेल, तर एक छोटा स्विच मशीन थांबवतो. बायपास करायचं म्हणजे त्या स्विचच्या दोन टोकांना वायरचा तुकडा जोडायचा आणि मशीनशी धडधडीत खोटं बोलायचं, की झाकण लागलेलं आहे. एवढं सोपं काम आहे, म्हणून तर चीड येते.

दोन वर्षांपूर्वी बंदरावरच्या बर्फाच्या कारखान्यात लाद्या फोडायचा क्रशर अडला. खाऱ्या हवेनं झाकणाचा स्विच गंजला होता. झाकण लावलं तरी मशीन सुरू होईना. मासेमारीची पावसाळी बंदी नुकतीच उठलेली, धक्क्यावर होड्या बर्फासाठी खोळंबलेल्या, आणि मालक माझ्या मानगुटीवर बसलेला. नवा स्विच पनवेलहून यायला दोन दिवस लागणार होते. मी वायर जोडली. तिच्यावर पिवळी टेप गुंडाळली आणि पेनानं लिहिलं, 'तात्पुरती'. स्विच आला की लगेच कळवा, मी येऊन बसवतो, असं मालकाला बजावलं.

"शंभर टक्के," तो म्हणाला.

फोन आला तो थेट मार्चमध्ये. क्रशरची मोटर तापत होती.

गेलो तर क्रशर चालू आणि झाकण सताड उघडं. लाद्या टाकणारा कोळीवाड्यातला चाळिशीचा माणूस, हातात रबरी मोजे घालून, अडकलेला बर्फ काठीनं आत ढोसत होता. मी धावत जाऊन मेन स्विच पाडला आणि त्याच्यावरच खेकसलो, "झाकण उघडं असताना हे चालतंच कसं? कुठल्या गाढवानं वायर जोडली?"

त्यानं काठी खाली ठेवली. मग म्हणाला, "तुम्हीच जोडली व्हती, मिस्त्री."

पॅनेल उघडलं. धुळीखाली पिवळी टेप होती आणि तिच्यावर माझं अक्षर.

मालकाच्या नावानं मी मनात लाखोली वाहिली. पण तिसऱ्या दिवशी मी स्वतः फोन का केला नाही? दुसरी कामं होती, बाकी काही कारण नाही. ज्यांच्यावर आयुष्यभर तोंडसुख घेतलं, त्यांच्याच पंगतीत मी जाऊन बसलो होतो. लाज वाटली, आणि अजून वाटते.

तेवढ्यात त्या लाद्या टाकणाऱ्यानं कपाळ पुसायला डाव्या हातातला मोजा काढला. अंगठ्याशेजारचं बोट मुळापासून नव्हतं.

"कधी झालं हे?"

"दिवाळीच्या आधी. माझीच चूक हाय, मिस्त्री. बर्फ अडकला, मी हात घातला. तवा काठी नव्हती."

म्हणजे काठी नंतर आली होती. बोट गेल्यावर मालकानं स्विच नाही आणला, काठी आणली! आणि हा भला माणूस स्वतःलाच दोष देत उभा होता. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी पक्कड घेतली, वायर कापली आणि खिशात घातली.

मालक आला. "मोटर बघताय ना? होड्या थांबल्यात."

"नवा स्विच बसेपर्यंत हा क्रशर चालणार नाही," मी म्हटलं.

"अहो, आता तो काठीनं करतो ना!"

"त्याचं बोट गेलं त्या दिवशी मला का नाही बोलावलंत?"

तो खरंच बुचकळ्यात पडला. बनाव नव्हता तो, त्याला प्रश्नच कळला नव्हता.

"तुम्हाला कशाला बोलवायचं?" तो म्हणाला. "मशीन तर चालू होतं."