पिंपाला पळवू नका

सकाळपासून धुकं असं दाटलेलं, की दोरीवरच्या चादरी सुकायचं नाव घेईनात. लाँड्रीत गडबडेकाकांनी आठच्या आत एकवीस शर्ट दामटले; त्यातल्या दोन शर्टांच्या कॉलरी उलट्या. गडबडे हे काही त्यांचं आडनाव नव्हे, गिऱ्हाइकांनी स्वभाव बघून लावलेलं शेपूट.

आज त्यांचा जीव कॉम्प्युटरवरच्या बेसबॉल लीगमध्ये अडकला होता. त्यांचा संघ तळाला. शेवटचा सामना अकराला, तोही मेहुणीच्या संघाशी. हरले तर संघ काढून घेणार आणि प्रतीक्षायादीतल्या पहिल्या माणसाला देणार. सामना कॉम्प्युटर आपला आपण खेळतो. मॅनेजरनं आधी फक्त शून्य ते दहा आकडे लावायचे. पळणाऱ्यानं नजर चुकवून पुढचं ठाणं किती वेळा चोरायचं, चेंडू फेकणारा, जो एकदा काढला की परत घेता येत नाही, तो किती लवकर बदलायचा, असले.

काकांची चोरी हंगामभर दहावर. "पोरं नुसती उभी दिसली की मला चैन पडत नाही!" त्यापायी त्यांचा सगळ्यात जाडा गडी, ज्याला घरात पिंप म्हणत, तोही धूम ठोकायचा आणि अर्ध्या वाटेत बाद व्हायचा.

"अहो, त्या पिंपाला कशाला पळवता?" काकू कळवळायच्या. "उभा राहू दे की बिचारा!"

आज काकूंनी समोर बसून चोरी दोनवर आणायला लावली. पण काकांचे हात शिवशिवायला लागले. काकू चादरी चाचपायला गेल्या, तेवढ्यात यांनी फेकणारा बदलायचा आकडा दहावर नेला.

अकरा वाजून पाच मिनिटांनी मेहुणीचा फोन. "भाऊजी, आठ डाव तुम्ही चार-एक पुढे होता. शेवटच्या, नवव्यात पिंप चेंडू फेकायला कसा काय आला?"

"बाकीचे संपले."

"सहाच्या सहा?"

"दमलेले दिसले मला."

"वीस-वीस चेंडूंत? पिंपानं चार धावा दिल्या, भाऊजी. पाच-चार. गेला तुमचा संघ!"

काका मटकन स्टुलावर बसले. दोन वर्षं पोसलेली पोरं! "कोणाच्या पदरात पडली गं?"

"ताईच्या. तिनं कधीच यादीत नाव घातलंय."

काकांनी वळून बघितलं. काकू चादरी खाली ठेवून मोबाइलवर एकेक आकडा सावकाश लावत होत्या.

"तू? आमच्याविरुद्ध?"

"तुमच्याविरुद्ध कशाला? पिंपाचे हाल बघवेनात म्हणून."

"चोरी किती ठेवलीस? एकदा सांग तरी."

"तुम्ही आधी त्या दोन कॉलरी सरळ करा."

काकांनी इस्त्रीला बोट लावून चटका बघितला आणि पहिला शर्ट ओढला.