नकाशातली मोकळी जागा

चेअरमनसाहेबांनी आधी माझं आडनाव विचारलं. मग गाव. नेकनूर म्हटल्यावर गावात घर कोणत्या अंगाला, तेही विचारलं. मग म्हणाले, "बाई, तुमी वरच थांबा. खाली देव हाय."

बीडच्या जुन्या पेठेतली बारव. दुष्काळानं तळ उघडा पडला होता, म्हणून तर मापं घेता येत होती. संशोधन माझं, पैसा चेअरमनसाहेबांच्या पतसंस्थेचा. माझे मार्गदर्शक सर शेजारीच उभे होते. ते म्हणाले, तू वरून टेप धर, बाकीचे उतरतील. मी धरला. दिवसभर धरला. राग आला नाही. काहीच आलं नाही. खालून पोरं आकडे सांगत होती, मी लिहून घेत होते.

बारवेला लागूनच आमची वस्ती. मावशीकडे राहून मी तिथंच शिकले. मागच्या दुष्काळात याच बारवेतला गाळ मावशीनं आणि वस्तीतल्या बायांनी पाट्या भरभरून उपसला होता. तेव्हा खालच्या देवाला कुणाचा विटाळ झाला नव्हता. गरज सरो, वैद्य मरो.

नकाशा काढताना सरांनी सांगितलं, वस्ती दाखवू नको, तिथं चेअरमनसाहेबांना बाग करायची आहे. मी जागा पांढरी सोडली. वर सुबक अक्षरात लिहिलं, 'मोकळी जागा'. माझ्या हातानं. त्या टेपची मला लाज वाटत नाही. याची वाटते, आजही.

मावशीला वाचता येत नव्हतं. पण घरी नकाशा पसरल्यावर तिनं बोट ठेवून बारव ओळखली, पायऱ्या ओळखल्या, पिंपळ ओळखला. मग बोट त्या पांढऱ्यावर आलं.

"इथं तर मी ऱ्हाते," ती म्हणाली.

रडली नाही. चहा ठेवायला उठली.

दुसऱ्या दिवशी सरांना सांगितलं, वस्ती दाखवल्याशिवाय मी नकाशावर सही करणार नाही.

"मग पीएच.डी. विसर," ते शांतपणे म्हणाले.

मी उठले. दुसऱ्या विद्यापीठात सगळं पहिल्यापासून केलं. उमेदीची वर्षं त्यात गेली.

आता मी जुन्या वास्तूंचा हाच विषय शिकवते. बाग झालेली नाही, पण वस्तीला घरं रिकामी करायच्या नोटिसा आल्यात. माझ्या कॉलेजच्या संस्थेवर चेअरमनसाहेबांचा मुलगा आहे. त्यानं निरोप धाडलाय, मॅडमनी यात पडू नये. सोमवारी नगरपालिकेत सुनावणी आहे. एकेका घराचं माप आणि घरातल्या माणसांची नावं घेऊन मी जाणार आहे. नोकरी जायची तर जाईल. वस्ती जाऊ देणार नाही.