बाबांची दुसऱ्या शनिवारची मीटिंग

माझे वडील एप्रिलात गेले, आणि पावसाळा संपता संपता मला कळलं की मधल्या काळात त्यांना बढती मिळाली आहे. हे मी गमतीनं सांगत नाही. गमतीनं सांगायचा प्रयत्न पुढे बरीच वर्षं केला, पण तो अजून साधलेला नाही.

आम्ही तेव्हा गुडगावात राहत होतो. मी एका परदेशी बँकेच्या ऑफिसात होते. मॉल एकामागून एक उघडत होते, मेट्रो आमच्यापर्यंत यायची होती, आणि आमच्या उंच इमारतीत संध्याकाळी मोजक्याच खिडक्यांत दिवे लागायचे. बाकीचे फ्लॅट विकले गेले होते, पण राहायला कुणी आलं नव्हतं. भाव चढतील म्हणून लोकांनी ते नुसते घेऊन ठेवले होते. लिफ्ट मात्र रिकामीच वरखाली करायची. आमच्या मजल्यावर थांबायची, दार उघडायची, जरा वेळानं मिटायची. "हिला बोलावतं कोण गं?" आई विचारायची. मी म्हणायचे, नवीन लिफ्ट आहे, बिघडली असेल.

बाबा महाराष्ट्रातल्या एका विद्यापीठाचे कुलगुरू होऊन निवृत्त झाले होते. मी एकुलती एक, तेव्हा दोघं माझ्याकडे राहायला आली. बाबांबद्दल एकच गोष्ट सांगितली तरी पुरे: समोर कुणी चुकीचं बोललं आणि बाबा मूग गिळून बसले, असं कधी झालं नाही. भाजीवाला असो, मंत्री असो, माझा बॉस असो. लग्नाच्या पंगतीत, नवऱ्यामुलाच्या काकांशी, हातात जिलबी घेऊन ते पाठ्यपुस्तकांवरून भांडलेले मी पाहिले आहेत. आई तेव्हा पदर तोंडाला लावून हसत होती. तिनं उभ्या आयुष्यात त्यांना कधी आवरलं नाही. मला वाटतं, तिला ते तसेच आवडत असत.

गुडगावात त्यांना भांडायला माणूस नव्हतं. रविवारी ते दिल्लीत करोल बागेत जायचे. तिथे महाराष्ट्रातून स्पर्धा परीक्षांसाठी आलेली मुलं दाटीवाटीनं राहायची, त्यांच्याशी तासन्‌तास वाद घालून ताजेतवाने होऊन परत यायचे. उरलेला आठवडा बाल्कनीत उभे राहून समोरच्या क्रेनकडे बघायचे.

अशात तो बिल्डर घरी आला. मिठाईचा भला मोठा डबा, पांढरेशुभ्र कपडे, आल्या आल्या पायांना हात. आमच्या आसपासच्या निम्म्या इमारती त्याच्याच होत्या. आता मानेसरच्या पलीकडे तो विद्यापीठ काढत होता. परवानगीसाठी निवृत्त कुलगुरूंचं एक सल्लागार मंडळ दाखवावं लागतं म्हणे. "सर, बस आपका आशीर्वाद चाहिए." दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी बैठक, विषय उच्च शिक्षणाचं भवितव्य, न्यायला-आणायला गाडी.

बाबा हरखले. भांडायला सात-आठ कुलगुरू एकदम मिळणार होते! पहिल्या बैठकीहून आले ते लालबुंद होऊन, आणि त्या दिवशी दोन पोळ्या जास्त खाल्ल्या. आई मला म्हणाली, "जगले गं हे."

असं वर्षभर चाललं. मग एप्रिलातल्या एका दुपारी ते झोपले आणि उठले नाहीत. करोल बागेतल्या मुलांनी खांदा दिला. आई रडली नाही. पहिल्या दिवशी नाही, दहाव्याला नाही, तेराव्यालाही नाही. भिंतीवरच्या फोटोला तिनं हार घालू दिला नाही, "त्यांना फुलांची शिंक येते," म्हणाली. माझ्या ओळखीच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, एकदा रडू दे त्यांना, म्हणजे सुटतील. मी वाट बघत राहिले. मला भीती वाटत होती. बाबा तर गेलेच होते, आणि आता आईही डोळ्यांदेखत हातातून निसटत चालली होती.

तेराव्याला बिल्डर फळांच्या टोपल्या घेऊन आला होता. आईसमोर हात जोडून म्हणाला, "माताजी, सर की कुर्सी सर की ही रहेगी." आम्हाला गहिवरून आलं. अशा वेळी माणसं असंच बोलतात. तो अगदी शब्दशः बोलतोय, हे कुणाच्या ध्यानात येणार?

शनिवारी माझं ऑफिस असायचं. ऑगस्टमधल्या एका शनिवारी मी तापामुळे घरी होते. दहाच्या सुमारास खालून सिक्युरिटीचा फोन वाजला. आईनं उचलला आणि म्हणाली, "हाँ, आ रहे हैं." मी पांघरुणातून बघत होते. तिनं इस्त्रीच्या कपड्यांतून बाबांचा राखाडी स्वेटर काढला, पिशवीत घातला, चपला सरकवल्या आणि लिफ्टनं खाली गेली. मी बाल्कनीत गेले. खाली पांढरी गाडी उभी होती. ड्रायव्हरनं मागचं दार उघडून धरलं, आईनं पिशवी आत सीटवर ठेवली. ड्रायव्हर जरा थांबला, दार हळू लावलं, आणि गाडी गेली. गेटवरच्या गार्डनं सलाम केला.

आई वर आली. मी विचारलं, "आई, हे काय होतं?"

"आज ह्यांची मीटिंग नाही का? तिथे एसी फार असतो."

ती शांत होती, नेहमीसारखी. पंखा बंद करून तिनं माझ्या कपाळावर हात ठेवला. मला हुडहुडी भरली, आणि ती तापाची नव्हती. संध्याकाळी पिशवी परत आली. स्वेटर नीट घडी घातलेला होता. मी तो हातात घेतला तर गार लागला, बाहेर घामाच्या धारा लागलेल्या असताना गार, आणि त्याला खोलीत मारायच्या सुगंधी फवाऱ्याचा वास होता. कुठेतरी, कुणाच्या तरी खुर्चीवर, तो दिवसभर बसून आला होता.

मी आईवर ओरडले. बाबा गेले, ऐकतेस का, गेले, असं तीन-चार वेळा ओरडले. ती म्हणाली, "बिल्कुल बाबांवर गेलीस." आणि कुकर लावायला आत गेली.

मग मी ठरवलं, पुढच्या महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी आपणच जायचं, आईला घेऊन. तिनं ती रिकामी खुर्ची डोळ्यांनी बघितली की आपोआप सगळं संपेल. आई लगेच तयार झाली. नवी साडी नेसली, केसांत गजरासुद्धा माळला. मी गाडी चालवत होते, आई माझ्या शेजारी, आणि मांडीवर स्वेटरची पिशवी.

मानेसरचे कारखाने मागे पडले. पुढे बाजरीची शेतं लागली आणि त्यांच्या मधोमध एक निळ्या काचेची इमारत दिसू लागली. आजूबाजूला काहीही नव्हतं. पार्किंगच्या रेघा मारलेल्या होत्या, गाड्या नव्हत्या. दारात एक नीलगाय उभी होती, ती आम्हाला बघूनही हलली नाही. आत संगमरवर, जनरेटरची घरघर, आणि दोन्ही बाजूंना वर्ग. प्रत्येक वर्गात दिवे चालू, बाकं अजून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली. विद्यार्थी पुढच्या वर्षी येणार होते. ते गेल्या वर्षीही पुढच्याच वर्षी येणार होते.

रिसेप्शनवरच्या मुलीनं आईला वाकून नमस्कार केला. "सर ऊपर पहुँच गए हैं, मैडम."

मी तिच्याकडे बघत राहिले. तिच्या चेहऱ्यावर चेष्टेचा मागमूस नव्हता. तिला तसं बोलायला सांगितलं होतं, आणि ती नोकरी करत होती.

वर एका दारावर पितळी पाटी होती. तिच्यावर माझ्या वडिलांचं नाव, आणि पूर्वी जिथे 'सल्लागार' होतं तिथे आता 'प्रमुख सल्लागार'. आत एसी चालू, टेबलावर ताजी फुलं, भिंतीवर त्यांचा फोटो. हार नव्हता. घरी आईनं घालू दिला नाही म्हणून, आणि इथे तपासणीला येणाऱ्यांनी नसते प्रश्न विचारू नयेत म्हणून. दोन्हीकडचा तो उघडा फोटो एकसारखा बघत होता.

बैठकीच्या दालनात लांबच लांब टेबलाभोवती निवृत्त कुलगुरू बसले होते. सगळे वयस्कर, सगळ्यांच्या अंगावर शाली. एका खुर्चीपुढे बाबांच्या नावाचं कार्ड, फाईल, धारदार टोक केलेली पेन्सिल. शिपायानं आईच्या हातातून पिशवी घेतली, स्वेटर काढला आणि सवयीच्या हातानं त्या खुर्चीच्या पाठीवर घातला. आम्हाला मागे भिंतीशी बसवलं.

अध्यक्ष, सर्वांत वृद्ध, बारीक आवाजात म्हणाले, "सर आ गए हैं, तो कोरम पूरा हुआ."

चर्चा सुरू झाली. एक जण म्हणाले, पुढे वर्गच लागणार नाहीत, मुलं घरी बसून पडद्यावर शिकतील. दुसरे म्हणाले, एकदा चांगल्या प्राध्यापकाचं व्याख्यान टेप करून ठेवलं की पन्नास वर्षं बघायला नको, मग तो आजारी पडो, संपावर जावो, काहीही होवो. तिसरे म्हणाले, खरं तर भविष्यात शिक्षकानं हजर असण्याची आवश्यकताच राहणार नाही. आणि सगळ्यांनी, अगदी आपोआप, बाबांच्या खुर्चीकडे बघून माना डोलावल्या. शिपायानं तिच्यापुढे चहा ठेवला. जरा वेळानं तो गार झालेला कप नेऊन गरम ठेवला.

मी उठले. माझा आवाज इतका चढला की मलाच तो अनोळखी वाटला. मी हिंदीत म्हणाले की माझे वडील एप्रिलमध्ये वारले आहेत, ही गोष्ट इथल्या प्रत्येकाला माहीत आहे, आणि तुम्हाला लाज कशी वाटत नाही.

अध्यक्ष सावकाश उभे राहिले. त्यांच्यामागोमाग सगळे उठले. हात पुढे बांधून, माना खाली घालून त्यांनी दोन मिनिटं मौन पाळलं. आयुष्यभर शोकसभा केलेली माणसं ती. किती वेळ थांबायचं, हे घड्याळ न बघता त्यांना कळत होतं. मग सगळे बसले. अध्यक्षांनी कागद उलटला.

"सर की अनुमति से, आख़िरी विषय."

ओरडल्यावर समोरचा ओरडतो, नाकारतो, निदान ओशाळतो. इथे माझं बोलणं ऐकून घेतलं होतं, त्याला मान दिला होता, आणि काहीही बदललं नव्हतं. मला त्या म्हाताऱ्यांची भीती वाटली. एवढं मौन झालं, पण आई जागची उठली नव्हती. तिची नजर खुर्चीवर होती.

"आई, चल. घरी चल."

"तू हो पुढे," ती हळूच म्हणाली. "मी ह्यांच्याबरोबर येते."

मी तिला ओढत आणायला हवं होतं की नको, मला अजून सांगता येत नाही. मी एकटी खाली आले आणि गाडीत बसले. ऊन काचेवरून परतून डोळ्यांत येत होतं. आता आपण हरलो, आई आता इथलीच झाली, असं मला अगदी स्पष्ट वाटलं. तिला दर महिन्याला इथे आणावं लागेल, आणि एक दिवस मीही रिसेप्शनवरच्या मुलीसारखं बोलायला लागेन.

बऱ्याच वेळानं ती बाहेर आली. एकटीच, उन्हात, सावकाश पायऱ्या उतरत. स्वेटर तिच्या छातीशी होता, पिशवी वरच राहिली होती. ती माझ्या शेजारी येऊन बसली, पण दार लावेना.

मी भीत भीत विचारलं, "संपली मीटिंग?"

"विद्यार्थ्याला आता विद्यार्थी म्हणायचं नाही म्हणे. सगळ्या कागदांवर ग्राहक लिहायचं. तो अध्यक्ष म्हणाला, कुणाला आक्षेप असेल तर बोला. सगळे गप्प."

"मग?"

"मग काय, मी ह्यांच्याकडे बघत बसले. म्हटलं, आता उठतील. आता टेबलावर हात आपटतील. त्यानं दुसऱ्यांदा विचारलं. म्हटलं, आता तरी." तिनं स्वेटरची बाही घट्ट मुठीत धरली. तिचा आवाज फुटला. "नाही गं उठले. पोरांना ग्राहक म्हणाले, आणि हे काही म्हणजे काही बोलले नाहीत."

मी तिचा हात धरला. तिला हुंदका आवरेना.

"गेले गं हे," आई म्हणाली.