पावडर लावलेलं करडू

शेळी व्यायली की काय करावं हे मला कोणी शिकवू नये. शाळेत मी चौथीपर्यंतच गेलो, पण गिरणी बंद पडल्यापासून चाळीच्या जिन्याखाली शेळ्या पाळतोय आणि आजवर एकही करडू माझ्या हातून गेलेलं नाही. अख्ख्या परळात असं छाती ठोकून सांगणारा दुसरा माणूस दाखवा. दाखवलात तर तो माझ्याकडूनच शिकलेला निघेल.

जिन्याखालची जागा म्हणजे एक माणूस पाय दुमडून झोपेल एवढी. खाली गोणपाट, कोपऱ्यात बादली, पुढे पडदा म्हणून आमच्या हिची जुनी साडी. बाळंतिणीला आडोसा लागतो. वरच्या मजल्यावरचे साहेब, रिटायर्ड हेडक्लार्क, जिना उतरताना रोज नाकाला रुमाल लावायचे.

"मामा, ही चाळ आहे, गोठा नव्हे."

"साहेब, शेळी निदान नळावर भांडत नाही," मी म्हणायचो. नळावर सगळ्यात मोठा आवाज त्यांचाच असायचा.

तर त्या दिवशी सकाळी शेळीला दोन करडं झाली. पहिली पांढरी पाट, म्हणजे मादी, दुसरा काळा कुळकुळीत बोकड. काळा उभा राहायला गेला, चारी पाय चार दिशांना गेले आणि तो घसरत थेट मागच्या गटारात. मी हात घालून बाहेर काढला. वासाचं विचारू नका.

आमची ही दारातूनच म्हणाली, "कोरड्या फडक्यान पुसा आणि आयशीफुडे ठेवा. ती चाटतली, आपला पोर वळखतली."

"गटारात पडलेलं पोर तसंच द्यायचं? आपली पोरं आपण अशी ठेवली होती?"

चाळीत जन्मलेल्या प्रत्येक बाळाला जे मिळतं, ते ह्याला का नाही, हा माझा मुद्दा. साहेबांकडे दीड महिन्याची नात होती. तिचा साबण आणि पावडरीचा डबा मागून आणला. कशाला ते सांगितलं नाही. मोरीत पाटावर बसलो, पाय लांब केले, पायांवर करडू आडवं घेतलं आणि कोमट पाण्याने न्हाऊ घातलं. शेगडीवर ओवा आणि लसणीची सालं टाकून धुरी दिली. अंगभर पावडर चोपडली. तीट लावायला गेलो तर काळ्या कपाळावर काजळ दिसेना, म्हणून पावडरीचाच ठिपका दिला. असं देखणं करडू परळात झालं नसेल.

शेळीने त्याला हुंगलं, शिंकली, आणि डोकं खाली घालून अशी ढुशी दिली की ते साडीत गुंडाळलं जाऊन पडद्यासकट माझ्या पायाशी आलं.

परत ठेवलं. परत ढुशी. मी शेळीची शिंगं धरली तर ती लाथ मारी. पांढरीला मात्र चाटून चाटून पाजत होती. व्यायल्यावरचा पहिला दाट चीक पोटात गेला नाही तर करडू तग धरत नाही, हे मला ठाऊक होतं. वाटीत चीक पिळून चमच्याने पाजायला बघितलं, तर अर्धा त्याच्या नाकात गेला आणि अर्धा माझ्या बाहीत. नुसत्या पाण्याने परत धुतलं, तर ओल्या अंगाचा सुवास दुप्पट झाला. आमच्या हिने करडू माझ्या हातातून घेतलं. शेगडीजवळ बसून करडाला पदराने पुसत राहिली.

दुपारपर्यंत त्याचा आवाज उंदरासारखा बारीक झाला. मी मोरीत गेलो, नळ पूर्ण सोडला आणि म्हणालो, "तुझं बरोबर होतं." नळाचा आवाज मोठा होता, त्याला मी काय करू. आज कागदावरही लिहितोय. तिला चष्म्याशिवाय वाचता येत नाही आणि चष्मा सध्या माझ्या नाकावर आहे.

पण चूक झाली म्हणून हार मानणाऱ्यातला मी नाही. करडाचा सुवास जात नाही ना? मग सगळ्यांनाच तो लावायचा. डबा उचलला आणि पांढरीला पावडर लावली. शेळीच्या नाकाला, ओठांना, कासेला लावली. गोणपाटावर शिंपडली. माझ्या हातांना तर होतीच. शेळी दहा-बारा वेळा शिंकली. मग तिने पांढरीला हुंगलं, काळ्याला हुंगलं, परत पांढरीला. कोणतं कुठलं काही कळेना. तेवढ्यात काळ्याने तोंड घालून आचळ पकडलं. शेपटी थरथरायला लागली. शेळी उभी राहिली.

आमच्या हिने पदर डोळ्यांना लावला. मी पावडर डोळ्यांत गेली म्हणून चोळत होतो.

इतक्यात साहेब आले. नातीची आंघोळ अडली होती, डबा हवा होता. तो निम्मा झालेला. ते तोंड उघडणार तोच शेळीने मान वर केली, घशातल्या घशात हूं हूं केलं, करडांना बोलवते तसं, आणि साहेबांचा हात चाटायला लागली. दिवसभर नातीला घेऊन बसणारा माणूस. वर उन्हाळ्यात तीच पावडर मानेला लावायचा.

"मामा, ही काय करतेय?"

"लेकरू समजतेय तुम्हाला."

साहेबांनी हात काढून घेतला नाही. पुढचे चार दिवस रोज सकाळी स्वतःच डबा घेऊन खाली यायचे. "एकदम बंद करू नका, हळूहळू कमी करा," असं मला शिकवायचे. मला.

पंधरवड्याने गिरणीच्या भिंतीमागच्या मैदानात शेळीला चरायला काढली. चाळीच्या दरवाजापर्यंत आली आणि अडून बसली. ओढली, ढकलली, कोबीचा पाला दाखवला. शेवटी साहेबांना हाक मारली. ते पुढे चालायला लागले, तशी त्यांच्या मागून शेळी, तिच्या मागून उड्या मारत दोन्ही करडं, आणि सगळ्यांच्या मागून काठी घेऊन मी.

वरच्या गॅलरीतून आमची ही ओरडली, "तिनय पोरांका सांभाळून घराक परत हाडा."

साहेबांनी वळून करडं मोजली. "वहिनी, दोनच आहेत."

काळ्याने त्यांना मागून ढुशी दिली आणि आम्ही मैदानाकडे वळलो.